हवा बंद पडली, आता पाणी येते

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, मी आर्वीच्या अभ्यासिकेत बसते, राज्यसेवेची तयारी सुरू आहे. विषुववृत्तावरच्या शांत पट्ट्याला ‘डोलड्रम’ म्हणतात हे भूगोलात पाठ केलं. परवा इंग्रजी पेपरात कापसाच्या बातमीला मथळा होता, ‘कॉटन ट्रेड इन द डोलड्रम्स’. डिक्शनरी उघडली तर अर्थ निघाला उदासी, मरगळ. आमच्या ग्रुपमधला एक दादा म्हणतो, शिडाची जहाजं त्या पट्ट्यात अडकायची, खलाशी उदास व्हायचे, म्हणून उदासीला ते नाव पडलं. खरं आहे का? आणि अजून एक. पावसानं दडी मारल्यापासून आमचे बाबा धुऱ्यावर बसून राहतात, धड जेवत नाहीत. ते डोलड्रममध्ये आहेत असं म्हटलं तर चालेल का?
(एक विद्यार्थिनी, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : तुझ्या दादाला सांग, गोष्ट छान आहे, फक्त उलटी आहे. समुद्रानं उदासीला नाव दिलं नाही. उदासीचं नाव समुद्राला चिकटलं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत ‘डोलड्रम’ म्हणजे मठ्ठ, ढिम्म माणूस. शब्दाचं मूळ बहुधा ‘डल’ या शब्दाच्या जुन्या रूपात आहे, आणि शेपूट ‘टँट्रम’च्या चालीवर लागलेलं दिसतं. ढोलाचा आणि ड्रमचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मी शिकवत असताना मागच्या बाकावरून हटकून कोणीतरी विचारायचं, “बाई, ढोल बी हाय अन् ड्रम बी हाय, तं मंग शांत पट्टा कसा?” प्रश्न वाईट नव्हता.

ढिम्मपणाच्या अवस्थेलाही तोच शब्द होता. ‘इन द डोलड्रम्स’ म्हणजे कशात मन लागत नाही, उठावंसं वाटत नाही, जीव कसानुसा होतो. १८११ च्या छापील इंग्रजीत हा प्रयोग मनाच्या मरगळीसाठीच सापडतो. तिथं जहाज नाही आणि समुद्रही नाही. पुढं खलाश्यांनी तो उचलला. वारा पडला, शिडं ओल्या धोतरासारखी लोंबली, जहाज जागचं हलेना, की ते म्हणायचे, आपलं जहाज डोलड्रम्समध्ये आहे. म्हणजे जहाजालाच मरगळ आली. बायरन या कवीच्या १८२३ च्या ‘द आयलंड’ या काव्यात असंच एक जहाज आहे; वारा मंद आणि चकवणारा, म्हणून ते ‘डोलड्रम्समध्ये’ दिसतं. अजून ही अवस्थाच आहे, जागा नव्हे.

खरी गंमत पुढं झाली. खलाशी बंदराला लागून सांगायचे की विषुववृत्तापाशी आम्ही डोलड्रम्समध्ये होतो. किनाऱ्यावरच्यांनी ऐकलं आणि समजले की डोलड्रम्स नावाचा काही मुलूखच आहे तिकडं. असा ऐकणाऱ्यांच्या चुकीतून शब्द नकाशावर जाऊन बसला. १८५५ साली अमेरिकी नौदलातले मॅथ्यू फाँटेन मॉरी यांनी समुद्राच्या प्राकृतिक भूगोलावर पुस्तक लिहिलं, त्यात ‘विषुववृत्तीय डोलड्रम्स’ हा पट्टा रीतसर आला. तिथून तो जगभरच्या शाळांच्या पुस्तकांत गेला आणि फिरत फिरत तुझ्या राज्यसेवेच्या नोट्समध्ये. पुढं लोक मूळ विसरले, आणि मनाला आलेली मरगळ समुद्रावरून आली असं सगळे सांगायला लागले. तुझा दादा त्यातलाच एक. त्याला फार बोल लावू नको, चांगले शिकलेले लोकही हेच सांगतात.

या मॉरींबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माणूस मला आवडतो. १८३९ मध्ये घोडागाडी उलटून त्यांचा पाय जायबंदी झाला आणि समुद्रावरची नोकरी संपल्यात जमा झाली. १८४२ मध्ये त्यांना वॉशिंग्टनला नौदलाच्या नकाशे-उपकरणांच्या कोठारावर बसवलं. आपल्याकडे असं झालं तर माणूस निवृत्तीच्या तारखेकडे डोळे लावून बसला असता. यांनी तिथं धूळ खात पडलेल्या जहाजांच्या जुन्या रोजनिश्या काढल्या. प्रत्येक जहाजाचा कप्तान रोज लिहून ठेवायचा : आज अमुक अक्षांशावर, वारा अमुक दिशेचा, इतका जोर. एकट्या वहीला काही किंमत नाही. शेकडो वह्या एकमेकींवर ठेवल्या की कोणत्या महिन्यात समुद्राच्या कोणत्या भागात वारा मिळतो आणि कुठं मिळत नाही, हे उमटायला लागतं. १८४७ पासून त्यांचे वारे आणि प्रवाह दाखवणारे नकाशे निघू लागले. ते पाहून कप्तान शांत पट्टा त्यातल्या त्यात अरुंद असेल तिथून ओलांडायला लागले आणि लांबच्या सफरींचे दिवस घटले.

आता तो पट्टा शांत का असतो, ते. परीक्षेत विचारतात, आणि बाबांचं उत्तरही तिथंच दडलंय.

विषुववृत्ताच्या आसपास सूर्य वर्षभर जवळजवळ डोक्यावर. पाणी तापतं, त्यावरची हवा तापते, दमट होते आणि वर जाते. तिची जागा घ्यायला उत्तरेकडून ईशान्य व्यापारी वारे आणि दक्षिणेकडून आग्नेय व्यापारी वारे येतात. या वाऱ्यांचा नकाशा एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये काढला होता (धूमकेतूवाले हॅली, तेच). पृथ्वी फिरते म्हणून ते सरळ न येता तिरके येतात, हे जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये मांडलं. हॅली आणि हॅडली यांच्यात गोंधळ करू नको, परीक्षक त्याचीच वाट बघत असतात. हे दोन वारे एकमेकांना भेटतात तिथं हवेला आडवं जायला वाटच उरत नाही, ती उभी वर चढते. शिडाला लागतो आडवा वारा. वर जाणाऱ्या हवेचा त्याला काय उपयोग? म्हणून खाली समुद्र तेलासारखा सपाट आणि वर ढगांचे डोंगर.

‘शांत पट्टा’ हे नाव मात्र अर्धंच खरं आहे. तिथं वारा शांत, आभाळ नव्हे. एकाएकी गडगडाट होतो, मुसळधार कोसळतं, घटकाभर भलत्याच दिशेनं वावटळ येते आणि पुन्हा सगळं ठप्प. जुन्या जहाजांवरचे लोक या पावसाची वाट बघायचे, कारण पिपांतलं पाणी तोवर नासलेलं असायचं. ते शिडाचं कापड ताणून धरायचे आणि गोडं पाणी साठवून घ्यायचे. वारा नाहीच आला तर होड्या खाली सोडून, वल्ही मारत, दोरखंडानं अख्खं जहाज ओढायचे. डोक्यावर ते ऊन, लाकडाच्या फटींतलं डांबर वितळलेलं, हिरड्यांतून रक्त येतंय, आणि कालच्या जागेपासून आज फार तर नजरेच्या टप्प्याइतकं पुढं. दादाची गोष्ट एवढ्यापुरती खरी की तिथं माणसं उदास व्हायचीच. शब्द तेवढा त्यांच्या आधीचा.

वास्को द गामा १४९७ मध्ये निघाला तेव्हा आफ्रिकेच्या काठाकाठानं न जाता अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे भलामोठा वळसा घालून गेला, तो अनुकूल वारे धरण्यासाठीच. १४९८ च्या मे महिन्यात तो कालिकतला पोचला. त्या वळशाशिवाय पोचला असता की नाही, शंकाच आहे.

हा पट्टा एका जागी बसत नाही. पुस्तकात ५° उत्तर ते ५° दक्षिण लिहिलेलं असतं, परीक्षेत तेच लिही. पण तो सूर्याच्या मागं वरखाली सरकतो. अटलांटिक आणि पॅसिफिकमध्ये वर्षाचा बराच काळ तो विषुववृत्ताच्या उत्तरेलाच असतो. आणि आपल्या बाजूला, उन्हाळ्यात भारताची जमीन तापली की तो थेट जमिनीवर चढून येतो. जुलैमध्ये राजस्थानातल्या श्रीगंगानगरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाची एक लांबलचक पन्हळ पडलेली असते. हवामान खातं तिला मान्सूनची द्रोणी किंवा मान्सूनचा आस म्हणतं. दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, वळतात, नैर्ऋत्य मान्सून होऊन आपल्याकडे येतात, आणि दोन्हीकडचे वारे भेटतात ते या आसावर. म्हणजे ज्या डोलड्रमला खलाशी शिव्या घालत होते, तेच डोलड्रम पावसाळ्यात आपल्या उशाशी येऊन बसतं. आस त्याच्या नेहमीच्या जागी किंवा थोडा दक्षिणेला असला, बंगालच्या उपसागरातून एखादा कमी दाबाचा पट्टा ओडिशा-छत्तीसगड करत आला, की आपल्याकडे झड लागते. आस वर सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला, की तिकडं नद्या फुगतात आणि इकडं मध्य भारतात उघाड पडते. मान्सूनमधला खंड म्हणतात तो हाच. २०२३ चा ऑगस्ट आठवतो ना? देशात १९०१ पासून ठेवलेल्या नोंदींमधला तो सगळ्यांत कोरडा ऑगस्ट होता.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं, भूगोलाच्या बाजूनं, उत्तर असं : तुझे बाबा डोलड्रममध्ये नाहीत. डोलड्रम त्यांना सोडून हिमालयाकडे निघून गेलंय, म्हणून ते धुऱ्यावर बसलेत.

खंडाच्या दिवसांत आपल्या वावरात काय असतं ते तू बघतेसच. हवा बंद नसते, उलट पश्चिमेकडून सारखी वाहत असते. पांढरे ढग घाईघाईनं पूर्वेकडे जातात, एकही थांबत नाही. दुपारी सोयाबीनची पानं उलटी होतात आणि त्यांची रुपेरी बाजू वर येते. लांबून बघणाऱ्याला वाटावं वावराला चकाकी आली, पण ती तहान असते. काळ्या मातीत बोट जाईल एवढी भेग पडते. डवरा चालवून ती बुजवायची, म्हणजे ओल उडायची थांबते. पऱ्हाटीच्या पात्या गळतात. माझे दीर अशा दिवसांत वावरातून आले की पहिले सपरीत उभं राहून कडुनिंबाकडे बघतात. शेंडा हलत असला तर न बोलता हातपाय धुतात. आणि ज्या संध्याकाळी पान हलत नाही, अंगाला चिकचिक सुटते, लाईट नसली तर जीव गुदमरतो, त्या संध्याकाळी ते ओसरीवर बसून खुशीत तंबाखू मळतात आणि म्हणतात, “हवा बंद पडली, पाह्य आता पाणी येते.” दरवेळी येतंच असं नाही. पण वारा पडला म्हणून खलाश्यानं कपाळाला हात लावायचा आणि कास्तकारानं पेरलेल्या वावराकडे आशेनं बघायचं, एवढा फरक आहे. म्हणूनच आपल्या बोलीत मरगळीला वारा पडण्याची उपमा कधी आली नाही. आपण म्हणतो मनावर मळभ आलं, जीव करपला, हिरमुसला, करमत नाही, जीवाले चैन नाई.

मथळ्याबद्दल. कापसाचा बाजार ‘इन द डोलड्रम्स’ म्हणजे उठाव नाही, सौदे थंड, भाव जागचे हलत नाहीत. भाव कोसळला तर त्याला हा शब्द शोभत नाही. कोसळणं ही हालचाल झाली. मराठी पेपर ‘बाजारात मरगळ’ लिहितात, ते चपखल आहे. लिहिताना ‘इन द’ आणि शेवटचा ‘स’ सोडायचा नाही. माणूस, बाजार, हरत सुटलेला क्रिकेटचा संघ, सगळ्यांना चालतं.

आता बाबांबद्दल, भूगोल बाजूला ठेवून. हा वाक्प्रचार हलका आहे. कंटाळा, मरगळ, चार दिवसांचं मन न लागणं, इथपर्यंतच तो वापरतात. घरात कोणी गेलं, कर्जाचा फास बसला, माणूस जेवेनासा झाला, तिथं ‘डोलड्रम्स’ म्हणणं म्हणजे थट्टा होते. तू लिहितेस की बाबा धड जेवत नाहीत. पाऊस आल्यावर ते पहिल्यासारखे जेवायला लागले तर प्रश्न मिटला. पण झोप उडाली असेल, बोलणं तुटलं असेल, ‘माझ्यानं आता होत नाही’ असं तोंडी येत असेल, तर पावसाची वाट बघत बसू नको. त्यांच्याजवळ बस आणि सरळ विचार. विचारल्यानं काही बिघडत नाही. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येतं. तू आधी स्वतः फोन करून काय करावं ते विचारू शकतेस. आपल्या जिल्ह्यांत हे लाजायचं कारण उरलेलं नाही.

प्रश्न : आदरणीय ताई, मी एस. टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आला की जहाजाचा कप्तान समुद्रात वारला की जहाज निळा झेंडा लावून परत यायचं, म्हणून इंग्रजीत उदास माणसाला ‘ब्लू’ म्हणतात. नातू म्हणतो खोटं आहे. तसंच नकाशात ‘अश्व अक्षांश’ असतात, तिथं घोडे कुठून आले?
(एक वाचक, समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : भाऊ, समुद्राचे प्रश्न समुद्रपुराहून यावेत हे योग्यच झालं. आपल्या जिल्ह्यात समुद्र असलेलं तेवढं एकच गाव.

नातवाच्या बाजूनं कौल. जहाजावर दुखवटा पाळायची रीत होती आणि आहे, झेंडा अर्ध्यावर उतरवतात. पण इंग्रजीत निळ्या रंगाची दुःखाशी सोयरीक चौदाव्या-पंधराव्या शतकापासूनची आहे, आणि अठराव्या शतकात खिन्न माणसाला ‘निळी भुतं’ लागली असं म्हणायचे, ‘ब्लू डेव्हिल्स’. आजचा ‘ब्लूज’ त्यातूनच आला. कप्तानाची गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण तिला टेकू नाही. शिवाय आपल्या भागात निळा झेंडा दिसला की दीक्षाभूमी आठवते, १४ ऑक्टोबर १९५६ आठवतो. त्या रंगाला उदासी चिकटवायचं इकडं कोणाच्या मनातही येणार नाही.

घोड्यांची गोष्ट जास्त रंगतदार आहे. विषुववृत्तापासून उत्तरेला आणि दक्षिणेला साधारण ३०° च्या आसपास दुसरे दोन शांत पट्टे आहेत. इथं डोलड्रमच्या उलटं : हवा वरून खाली उतरते, म्हणून ढग नाही, पाऊस नाही, वाराही बेताचाच. सहारासारखी मोठी वाळवंटं याच पट्ट्यांच्या आसपास आहेत ती उगीच नाहीत. या अक्षांशांना घोड्यांचं नाव का पडलं याच्या दोन कथा सांगतात. पहिली सगळ्यांना माहीत असते : अमेरिकेकडे घोडे नेणारी जहाजं इथं अडकायची, पिण्याचं पाणी संपत यायचं, मग घोडे समुद्रात ढकलायचे.

दुसरी मला जास्त पटते, आणि तुम्हालाही पटेल, कारण तिच्यात उचल आहे. खलाश्याला जहाजावर चढण्याआधी महिन्या-दोन महिन्यांच्या पगाराची उचल मिळायची. ती बंदरातच उडायची. निम्मी दारूत आणि निम्मी खानावळवाल्याच्या जुन्या बाकीत. मग जहाज निघालं की पहिले महिने नुसतं राबायचं, हातात दमडी नाही. या फुकटच्या राबण्याला ते ‘मेलेला घोडा’ म्हणायचे. आपला सालदार उचल फिटेपर्यंत जे तोंड करून वावरात जातो, तेच तोंड त्यांचं असणार. उचल फिटली की जहाजावर सण. गवत-चिंध्यांचा घोडा करायचे, डेकवरून ओढत मिरवायचे, गाणी म्हणायचे, वर डोलकाठीच्या आडव्या वाशाला टांगायचे आणि दोर कापून समुद्रात सोडून द्यायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण ‘इडा, पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत मारबत गावाबाहेर काढतो, तसाच हा प्रकार. इंग्लंडहून निघालेली जहाजं उचल फिटायच्या सुमारास या पट्ट्यापाशी आलेली असायची, म्हणून ते घोड्याचे अक्षांश, अशी ती कथा.

पहिल्या कथेत घोडे बुडतात आणि दुसरीत कर्ज बुडतं. शाळेत पहिलीच सांगतात. मुलांना घोड्यांचं वाईट वाटतं आणि अक्षांश लक्षात राहतो, एवढा तिचा फायदा.

प्रश्न : बाई, आता तर जहाजांना इंजिन असते. मग डोलड्रम संपलं का? आम्हाला नकाशात तो पट्टा काढायचा आहे, तो कुठून कुठपर्यंत काढायचा?
(इयत्ता सातवीचा विद्यार्थी, ता. कारंजा, जि. वर्धा)

उत्तर : बेटा, इंजिनवाल्या जहाजांची अडचण संपली. पट्टा कुठं जाणार? तो आहेच.

आजही नुसत्या शिडावर जग फिरणारी माणसं आहेत, आणि त्यांत आपलीही आहेत. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ नावाच्या शिडाच्या बोटीतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले; असं करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीतून गेले, तेही मधे कुठल्याच बंदराला न थांबता. बोट गोव्यात बांधलेली. पुढं ‘तारिणी’ बोटीतून सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जाऊन आल्या, आणि २०२४-२५ मध्ये दोघीच. पृथ्वीप्रदक्षिणेच्या नियमानुसार विषुववृत्त ओलांडावंच लागतं, म्हणजे हा पट्टा जाताना एकदा आणि येताना एकदा. इंजिन चालवून पुढं सरकायची मुभा नसते. तिथं वारा पडला की शिड कधी या बाजूला, कधी त्या बाजूला करत, ढगाखालून येणारी प्रत्येक झुळूक पकडत जायचं.

विमानांनाही तो पट्टा लागतो. ढगांचे डोंगर म्हणाले ना वर, ते विमानाच्या उंचीच्याही वर जातात. रिओहून पॅरिसला निघालेलं एक विमान १ जून २००९ ला अटलांटिकवर याच पट्ट्यातल्या वादळी ढगांतून जात होतं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ जमलं, वेगाचे आकडे चुकले, वैमानिकांना विमान सावरता आलं नाही. २२८ माणसं गेली. एरवी विमानं रडारवर ढग बघून वळसा घालून जातात.

नकाशाबद्दल. पुस्तकात दाखवतात तसा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५° पर्यंत पट्टा काढ आणि फिक्या पिवळ्या रंगानं भर, मार्क मिळतील. पण तुझ्या सरांना विचारून त्याच नकाशावर अजून दोन रेघा काढ, दोन्ही पेन्सिलीनं. एक जुलैची : अटलांटिकमध्ये विषुववृत्ताच्या थोडी वर, मग आफ्रिकेवरून चढत, अरबस्तानाच्या दक्षिणेकडून येऊन आपल्या गंगेच्या मैदानापर्यंत वर गेलेली. दुसरी जानेवारीची : हिंदी महासागरात विषुववृत्ताच्या खाली, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूला अजून दक्षिणेला उतरलेली. कारंजा टिंबानं दाखव. जुलैच्या रेघेपासून तुझं टिंब किती लांब आहे ते पट्टीनं मोज, आणि घरी आजोबांना विचार की औंदा झड कधी लागली होती. पेपरात त्या तारखेला हवामान खात्याच्या बातमीत ‘मान्सूनचा आस’ कुठं होता ते छापून आलेलं असतं. ग्रंथालयात जुने अंक मिळतात. जुळलं की नाही, ते मला पुढच्या अंकासाठी लिहून पाठव.